निवाड्याविना: माध्यमिक शाळेतील समुपदेशन आणि किशोरांची नाती

माध्यमिक शाळेत समुपदेशकाची नेमणूक होते ती बहुधा दहावीच्या परीक्षेचा ताण, अभ्यासातील पिछाडी किंवा पुढील शाखेची निवड अशा कारणांसाठी, आणि शाळेच्या वार्षिक अहवालातही हीच कामे नोंदवली जातात. प्रत्यक्षात मधल्या सुट्टीत समुपदेशकाच्या खोलीच्या दाराशी जी मुले घुटमळताना दिसतात, त्यांतली कितीतरी वेगळ्याच कारणासाठी आलेली असतात: कोणीतरी त्यांच्याशी बोलेनासे झाले आहे, कोणीतरी त्यांना गटातून काढले आहे, किंवा ज्याच्याशी बोलावेसे वाटते त्याच्यासमोर तोंडून शब्द फुटत नाही. पुणे शहर आणि उपनगरांतील मराठी व सेमी-इंग्रजी तुकड्या असलेल्या शाळांमध्ये दीर्घकाळ काम केलेल्या एका समुपदेशिकेच्या अनुभवावर प्रस्तुत लेखन आधारलेले आहे. मुलांची ओळख पटेल असे तपशील त्यातून गाळले आहेत.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था मानते. या वयात आई-वडिलांच्या मतापेक्षा बरोबरीच्यांच्या मताला वजन येते, हे पाठ्यपुस्तकी विधान सर्वांना मान्य असते. पण त्याचा अर्थ शाळेतील मोठ्या माणसांच्या वागण्यात क्वचितच उतरतो. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षकवर्ग’ ही संकल्पना मांडली. आपण स्वतःकडे जितक्या बारकाईने पाहतो तितक्याच बारकाईने सगळे जग आपल्याकडे पाहत आहे, अशी या वयातील मुलाची समजूत असते, असा तिचा आशय. वर्गात उत्तर चुकल्यावर किंवा मैत्रिणीने सर्वांदेखत पाठ फिरवल्यावर ‘कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं’ असे सांगून समजूत काढणाऱ्या शिक्षिकेचे वाक्य मुलीला म्हणूनच धादांत खोटे वाटते, आणि त्यानंतर ती त्या शिक्षिकेला काही सांगत नाही. शिवाय आज वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो, त्यात कोण काय बोलले आणि कोणी कशावर हसरा चेहरा टाकला हे चाळीस जणांना खरोखरच दिसत असते, तेव्हा हा प्रेक्षकवर्ग पूर्वीइतका काल्पनिकही राहिलेला नाही.

समुपदेशिकेच्या कामाला वळण देणारा एक प्रसंग आठवीतल्या तीन मुलींचा होता. पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या या तिघींपैकी दोघींनी संध्याकाळचा एकच खासगी क्लास लावला. संध्याकाळी क्लासमध्ये घडलेल्या गमती सकाळी शाळेत येऊ लागल्या आणि तिसरीला त्या समजावून सांगाव्या लागू लागल्या. काही दिवसांनी समजावून सांगणेही थांबले. तिसरीने रागाच्या भरात दोघींपैकी एकीचे घरातले गुपित वर्गातल्या आणखी एका मुलीला सांगितले, त्यावर दोघींनी तिच्यासोबत डबा खाणे बंद केले आणि वर्गातील इतर मुलींनाही तसे करायला लावले. अशा वागण्याला मानसशास्त्रात ‘संबंधाधारित आक्रमकता’ म्हणतात. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही संज्ञा रूढ झाली. हात न उगारता, शिवी न देता, बोलणे तोडून, अफवा पसरवून किंवा गटाबाहेर ठेवून एखाद्याला दुखावणे, असा तिचा अर्थ आहे. शाळेच्या शिस्तीच्या नियमावलीत या प्रकाराला जागाच नसते, कारण कोणी कोणाशी बोलावे याविषयी नियम करता येत नाही.

तिन्ही मुली वेगवेगळ्या वेळी समुपदेशिकेकडे आल्या, आणि प्रत्येकीने आपल्या बाजूने बोलणारी एक साक्षीदारही आणली. प्रत्येकीचा शेवटचा प्रश्न एकच होता: ‘बाई, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह मोठा असतो, कारण उत्तर देणाऱ्याला आपण न्यायी असल्याचे समाधान त्यातून मिळते आणि प्रकरण मिटल्यासारखे दिसते. वर्गशिक्षिकेने एका तासाला तिघींना उभे करून एकमेकींना ‘सॉरी’ म्हणायला लावले होते, हस्तांदोलनही झाले होते; त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिसरी मुलगी स्वच्छतागृहात जाऊन बसली, कारण वर्गासमोर मिळालेल्या क्षमेनंतर ती आता ‘बाईंकडे जाऊन रडणारी’ ठरली होती. समुपदेशिकेने काय घडले याची उलटतपासणी थांबवली आणि प्रत्येकीला स्वतंत्रपणे एवढेच विचारले, की पुढच्या सोमवारी शाळा कशी असावी असे तुला वाटते. दोघींना वाटत होते, की तिसरीने गुपिताविषयी पुन्हा कोणाकडे बोलू नये. तिसरीचे मागणे ऐकून मात्र समुपदेशिका चकित झाली, कारण तिला जुनी तिघींची मैत्री परत नकोच होती. डबा खाताना शेजारी कोणीतरी असावे, एवढेच तिला हवे होते. लेझीम पथकाच्या सरावातून तिला तशी एक मुलगी मिळाली. जुने त्रिकूट पुन्हा जमले नाही, आणि ते जमावे अशी अपेक्षा धरणारे सगळे लोक चाळिशीच्या पुढचे होते.

तेव्हापासून ‘समेट’ हे समुपदेशनाचे उद्दिष्ट समुपदेशिकेच्या नोंदवहीतून जवळजवळ नाहीसे झाले. कार्ल रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेल्या व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीत बोलणाऱ्याचा विनाअट स्वीकार हा पाया मानला आहे. विनाअट स्वीकार म्हणजे समोरच्याच्या प्रत्येक कृतीला मान्यता देणे नव्हे. त्याने केलेली कृती न आवडूनही त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकण्याची तयारी ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत ही तयारी टिकवणे विशेष अवघड असते, कारण तास संपल्याची घंटा पस्तीस-चाळीस मिनिटांनी होतेच, आणि शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी ‘मग काय निघालं त्या प्रकरणातून?’ हा प्रश्न ठरलेला असतो. समुपदेशकाकडून शाळेला निष्कर्ष हवा असतो. मुलाला बहुतेक वेळा उसंत हवी असते.

शाळेच्या रचनेतूनच किती मैत्र्या तुटतात, याकडेही पुरेसे लक्ष जात नाही. पाचवीला किंवा आठवीला सेमी-इंग्रजीची तुकडी वेगळी काढली जाते, तेव्हा गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारे आणि मराठीतून शिकणारे असे दोन गट एका रात्रीत तयार होतात. वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या मुलांपैकी एक ‘अ’ तुकडीत जातो, दुसरा ‘क’ मध्ये, आणि त्यांतील दुरावा वैयक्तिक अपराध म्हणून एकमेकांच्या माथी मारला जातो. जूनमध्ये येणाऱ्या कित्येक तक्रारींच्या मुळाशी तुकड्यांची यादी असते. हे मुलाला नुसते दाखवून दिले, तरी ‘तो बदलला’ हे वाक्य थोडे सैल पडते. आडनावावरून, डब्यातल्या पदार्थावरून, घर चाळीत आहे की सोसायटीत यावरून पडणारे अंतर मात्र इतक्या सहज दाखवता येत नाही, कारण त्याचा उच्चार मुले शाळेत करत नाहीत; ‘तिच्या घरी जायचं नाही असं आई म्हणते’ एवढेच ती सांगतात आणि विषय बदलतात.

निवाडा न करण्याची ही भूमिका सर्वत्र लागू पडत नाही, आणि ती कोठे सोडायची हे ओळखणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे. दांडगाई या विषयाच्या संशोधनाचा पाया घालणारे नॉर्वेतील अभ्यासक डॅन ओल्वेयस यांनी तिची तीन लक्षणे सांगितली: त्रास हेतुपुरस्सर दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि देणारा व घेणारा यांच्या बळात तफावत असते. भांडणात दोन्ही बाजू कमीअधिक बरोबरीच्या असतात, म्हणून तेथे दोघांना समोरासमोर बसवणे उपयोगी पडू शकते. दांडगाईच्या छळात मात्र अशी बैठक बळी पडलेल्या मुलाला पुन्हा एकदा त्याच बळापुढे उभे करते. बाहेरून दोन्ही गोष्टी ‘मुलांची आपापसातली मस्करी’ म्हणूनच दिसतात.

नववीतील एक मुलगा वाचताना अडखळत असे. प्रकट वाचनाच्या वेळी त्याचा तोंड उघडे राहिलेल्या अवस्थेतला फोटो कोणीतरी काढला, त्याचे व्हॉट्सॲप स्टिकर झाले, आणि वर्गाच्या गटात कोणी उशिरा उत्तर दिले की ते स्टिकर टाकण्याची पद्धत पडली. चौकशीत सर्वांनी एकच सांगितले, की तो स्वतःही हसतो, इतकेच नव्हे तर ते स्टिकर स्वतःही वापरतो. हे खरेच होते. हसणे हे त्या गटात राहण्याचे भाडे होते आणि तो ते नियमित भरत होता. समुपदेशिकेने येथे कोणालाही समोरासमोर बसवले नाही. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले होते, की वर्गातील छळात छळणारा आणि छळला जाणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून प्रोत्साहन देणारे, बाजूला उभे राहणारे आणि बचाव करणारे अशा अनेक भूमिका असतात. त्यामुळे प्रयत्न या बघ्यांवर केंद्रित करण्यात आला. गटाचा ॲडमिन वर्गाचा मॉनिटर होता आणि तो स्टिकर टाकणाऱ्यांपैकी नव्हता. त्याच्याशी आणि अशाच गप्प राहणाऱ्या काही मुलांशी एकेकट्याने बोलणे झाले, आणि ‘तुला काय वाटतं’ या साध्या प्रश्नावर त्यांतील बहुतेकांनी आपल्याला ते आवडत नसल्याचे, पण ते फक्त आपल्यालाच आवडत नसावे असे वाटल्याचे सांगितले. स्टिकरवर कोणी हसेनासे झाल्यावर ते टाकण्यात गंमत उरली नाही. कोणाच्या फोनमध्ये ते अजून आहे की नाही, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. त्या मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत हेच राहिले, की त्याला तसा काही त्रास नव्हता. समुपदेशिकेनेही ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला नाही.

टाळेबंदीनंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील शहरी शाळांत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा समोर आलेली मुले वयाने आठवीची असली तरी प्रत्यक्ष बाकावर नियमितपणे शेवटची बसली होती ती सहावीत. रुसवा काढणे, टोमणा पचवणे, खेळात हरल्यावर पुन्हा उद्या खेळायला येणे ही कौशल्ये कोणी शिकवत नाही, ती मैदानावर आपोआप येतात. आणि मैदानच जवळजवळ दीड वर्ष बंद होते. त्या वर्षी किरकोळ वादात थेट ‘ब्लॉक’ करण्याचे प्रमाण समुपदेशिकेला विशेष जाणवले. अबोला पूर्वीही होता, पण अबोला धरलेली मुले एकाच वर्गात बसत, त्यामुळे तो केव्हातरी पेन्सिल मागण्याच्या निमित्ताने सुटत असे. फोनवरच्या बंद दाराला असे निमित्त सापडत नाही.

प्रेमप्रकरण या नावाने शाळेत जे ओळखले जाते, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात चिडवण्याचा असतो. वहीच्या शेवटच्या पानावर दोन नावांची अक्षरे खोडून काढण्याचा खेळ, फळ्यावर कोणीतरी लिहिलेली जोडी, सहलीच्या बसमधली बैठक यांतून वर्ग आधी जोडी ठरवतो आणि नंतर त्या दोघांना तसे काही वाटू लागते. हे प्रकरण मोठ्यांपर्यंत पोहोचले, की अनेक शाळांत अवलंबला जाणारा एक उपाय म्हणजे मुलीला त्या मुलाच्या हाताला राखी बांधायला लावणे. हा उपाय करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यातून दोघांनाही एकच गोष्ट कळते: आपल्या मनात जे आले ते लाजिरवाणे होते आणि ते पुन्हा कोणाला कळता कामा नये. राखीनंतरही चिठ्ठ्या चालू राहतात, फक्त त्या अधिक नीट लपवल्या जातात. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लैंगिकतेच्या ज्या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिले, त्याच विषयावरचा शालेय किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रात २००७ मध्ये आक्षेपांमुळे थांबवला गेला, हा विरोधाभास येथे नोंदवण्यासारखा आहे. आकर्षण, प्रेम आणि संमती या तीन गोष्टींत फरक करण्याची भाषा मुलांना शाळेतून मिळाली नाही, तर ती त्यांना चित्रपटातून आणि रीलमधून मिळते, आणि तेथे नकार हा होकाराच्या आधीचा टप्पा म्हणून दाखवलेला असतो.

नकार पचवणे हा मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, बाबतीत वारंवार येणारा प्रश्न आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती येथे समुपदेशिकेला फार उपयोगी पडली. मराठी वाचकांना ही पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. घटनेपेक्षा घटनेविषयीचा हट्टाग्रही विचार माणसाला अधिक दुःखी करतो, असे तिचे सूत्र आहे. ‘ती माझ्याशी बोलली असती तर बरं झालं असतं’ ही इच्छा आहे. ‘तिने माझ्याशी बोललंच पाहिजे’ ही मागणी आहे, आणि मागणी पुरी झाली नाही की दुःखाची जागा संताप घेतो. एका मुलाने मैत्रिणीच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागितला होता आणि तिने तो न देणे हा प्रेम नसल्याचा पुरावा मानला होता. त्याच्याशी चार-पाच बैठकांत बोलणे झाले ते फक्त ‘पाहिजेच’ या आग्रहाविषयी. मुलगी चुकली का, हा प्रश्न त्यात आलाच नाही. दुसऱ्या एका मुलाने स्वतःला इजा करून घेण्याविषयीचा संदेश मैत्रिणीला पाठवला, तेव्हा मात्र अशा तात्त्विक चर्चेला जागा नव्हती: त्याच दिवशी पालकांना बोलावणे, मुलाला एकटे न सोडणे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे, एवढाच क्रम शक्य होता. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस मदतवाहिनी २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून रात्रीच्या वेळी हाताशी देण्यासारखे एक साधन तरी उपलब्ध झाले. त्या मैत्रिणीशीही स्वतंत्रपणे बोलावे लागले, कारण त्याचे जिवंत राहणे आपल्या होकारावर अवलंबून आहे असे तिने धरून घेतले होते.

आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण असलेली मुले समुपदेशकाकडे फार उशिरा येतात, आणि बहुधा वेगळ्याच तक्रारीच्या आडून. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तरी शाळेच्या व्हरांड्यात ‘बायल्या’ ही हाक त्यामुळे थांबलेली नाही.

मुलींच्या बाबतीत नात्याचा प्रश्न शाळेपुरता राहत नाही. एखाद्या मुलाशी बोलताना दिसली एवढ्यावरून मुलीचा फोन काढून घेणे, क्लास बंद करणे, मामाकडे गावी पाठवणे आणि क्वचित लग्न ठरवणे, या पायऱ्या आश्चर्यकारक वेगाने चढल्या जातात. त्यामुळे पालकांना काय सांगावे आणि किती सांगावे, याचा विचार मुलीच्या शिक्षणाला डोळ्यांसमोर ठेवून करावा लागतो. एका प्रकरणात मुलीच्या काकांनी दाखला काढून घेण्याचा अर्जच आणला होता. मुख्याध्यापिकेने तो लगेच नाकारला नाही, फक्त सहामाही परीक्षेनंतर यायला सांगितले, आणि त्या अवधीत आईला एकटीला भेटून बालविवाह प्रतिबंध कायद्याविषयी, तसेच मुलीच्या गुणांविषयी बोलता आले. आईने घरात नेमके काय सांगितले हे शाळेला कळले नाही, पण दाखला काढला गेला नाही. शाळेतल्या मोठ्या माणसांचा खरा उपयोग अनेकदा असा वेळ मिळवून देण्यापुरताच असतो.

गुप्ततेचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. ‘कुणाला सांगणार नाही ना?’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय फारशी मुले पुढे बोलत नाहीत, आणि त्यावर ‘नाही’ असे सरळ उत्तर देणे कायद्याने शक्य नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानतो. असा अपराध घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. घरात होणाऱ्या अत्याचाराविषयी बोलणाऱ्या मुलीसाठी ही तरतूद संरक्षक ठरते, आणि तिच्या आवश्यकतेविषयी या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाच्या मनात शंका नसावी. पण सतरा वर्षांच्या दोघांनी एकमेकांच्या इच्छेने ठेवलेला संबंधही त्याच तरतुदीखाली येतो, कारण कायद्याच्या दृष्टीने या वयाची संमती ही संमतीच नसते. विधी आयोगाने २०२३ मध्ये आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय खाली आणू नये, मात्र १६ ते १८ या वयोगटातील अशा प्रकरणांत न्यायालयाला विवेकाधिकार असावा, अशी शिफारस केली. न्यायालयाला मिळू शकणारा हा विवेकाधिकार शाळेतील समुपदेशकाला नाही.

यावर समुपदेशिकेने बसवलेली पद्धत अशी, की जूनमध्ये प्रत्येक वर्गात जाऊन, कोणीही काहीही सांगण्यापूर्वीच, या मर्यादा साध्या शब्दांत फळ्यावर लिहायच्या: कोणी तुम्हाला इजा करत असेल, तुम्ही स्वतःला इजा करणार असाल, किंवा कायद्याने कळवणे भाग आहे असे काही असेल, तर ते समुपदेशनाच्या खोलीबाहेर जाईल, आणि ते कोणाला सांगितले जाणार आहे हे आधी तुम्हाला सांगितले जाईल, बाकी सर्व त्या खोलीतच राहील. १०९८ हा बालमदतवाहिनीचा क्रमांकही तेथेच लिहिला जातो. मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी टांगलेल्या तक्रारपेटीपेक्षा या फळ्यावरच्या ओळींचा उपयोग अधिक होतो, कारण पेटीत चिठ्ठी टाकताना शिपायापासून पर्यवेक्षकांपर्यंत सर्वांना दिसते. या स्पष्टपणाची किंमतही द्यावी लागते. ‘मैत्रिणीचं एक विचारायचं होतं’ असे म्हणून आलेली मुलगी फळ्यावरच्या त्या ओळी आठवते, ‘काही नाही, सहज आले होते’ म्हणून उठते, आणि तिला थांबवण्याचा कोणताही प्रामाणिक मार्ग समुपदेशिकेकडे नसतो. अशा मुलींपैकी काही महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात, तोवर त्यांनी काय सांगायचे आणि काय नाही हे नीट ठरवलेले असते. काही येत नाहीत. पुढच्या जूनमध्ये ओळी पुन्हा तशाच लिहिल्या जातात, कारण खोटे आश्वासन देऊन मिळवलेले गुपित पोलीस ठाण्याच्या दारात मुलीसमोर उघडे करावे लागणे, हा पर्याय समुपदेशिकेला त्याहून वाईट वाटतो.